तीन हातांचे तेल

मित्रांनो, मोटारसायकलच्या इंजिनात निर्माण झालेली शक्ती मागच्या चाकापर्यंत पोचवण्याचे काम जी करते, ती मी. पुस्तकात मला साखळी म्हणतात. पुस्तकाबाहेर मला त्या नावाने कोणी हाक मारल्याचे आठवत नाही. मी चेन आहे. आता जुनी झाले आहे, पण निकामी झालेली नाही. मध्यंतरी या दोन अवस्थांतला फरक कोणाला कळेनासा झाला होता. त्याचीच ही हकिकत आहे. शेवट बरा आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही निश्चिंत मनाने ऐकाल.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी पट्ट्या, पिना आणि रोलर जोडून मला घडवले. प्रत्येक पिनेभोवती ग्रीस भरून दोन्ही बाजूंना बारीक रबरी रिंगा बसवल्या, म्हणजे आतले ग्रीस बाहेर येणार नाही आणि बाहेरची धूळ आत जाणार नाही. यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की अशा चेनला वरून काही लावायची गरजच नाही. तो चूक आहे. रोलर लोखंडी दात्यांवर घासतात, पट्ट्या गंजू शकतात आणि रबर कोरडे पडले की चिरते. म्हणून बाहेरून वंगण लागते. मात्र कोणते, किती आणि कधी, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत.

मी ज्या घरात आले, तिथली सून जनावरांची डॉक्टर. मागे औषधांची पेटी बांधून ती गोठ्यागोठ्यांत हिंडायची. तिचा नवरा छापखान्यात यंत्रे चालवायचा. आणि सासरे, ज्यांना सगळे बाबा म्हणत, ते घड्याळे दुरुस्त करायचे. करायचे म्हणते, कारण त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी दुकान बंद केले. भिंगातूनही केसाएवढी स्प्रिंग दिसेना. हत्यारे लोकांना वाटून टाकली. लांब नळीची, थेंब थेंब तेल सोडणारी पितळी कुपी तेवढी ठेवली. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, जशी इतरांच्या खिशात पेन असते.

त्या घराचा एक अलिखित नियम होता. केलेले काम बोलून दाखवायचे नाही. बोलून दाखवणे म्हणजे मिरवणे, आणि मिरवणे म्हणजे हलकेपणा. नियम चांगल्या हेतूने केलेला असावा. त्याचा परिणाम असा की खिडकीतल्या कुंडीला तिघेही गुपचूप पाणी घालत आणि रोपे कुजत. भाजी चुलीवर असली की येणारा-जाणारा चिमूटभर मीठ टाकून जाई. जेवताना 'आज जरा खारट झालंय' एवढेच कोणीतरी म्हणे आणि बाकीचे मान डोलावत. माझी गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहत असल्याने हे सर्व माझ्या कानांवर आहे.

पहिली काही वर्षे चांगली गेली. गाडी नवी होती, सगळ्यांचे लक्ष होते. डॉक्टरबाई गाडीवर हात फिरवून म्हणायच्या, "आवाज नाही करत बघ, शहाणी आहे." पुढे रस्त्याचे काम निघाले. खडी, मुरूम आणि उडणारी धूळ. मी कुरकुरू लागले, आणि तिघांनाही माझी दया आली.

दया आली हे वाईट नव्हते. वाईट हे की ती तिघांना स्वतंत्रपणे आली. बाबा सकाळी कुपीतून शिलाई मशीनचे पातळ तेल घालू लागले, प्रत्येक रोलरला एक थेंब, अगदी मनगटी घड्याळाला द्यावे तसे. बाबांच्या मुलाने, म्हणजे डॉक्टरबाईंच्या नवऱ्याने, छापखान्यातून घट्ट पिवळे ग्रीस आणले आणि सुटीच्या दिवशी घरात कोणी नसताना ते बोटाने थापले. डॉक्टरबाईंनी दुकानातून चेनचा स्प्रे घेतला आणि दौऱ्यावर असताना, वाटेत थांबून, घाईघाईने मारला. कोणी कोणाला सांगितले नाही. ग्रीसला धूळ चिकटली. पातळ तेलाने आणि स्प्रेमधल्या द्रवाने ते ग्रीस सैल झाले. माझ्या अंगावर काळा लगदा तयार झाला, ज्यात वाळू होती. वंगण घर्षण कमी करते. वाळू घातलेले वंगण म्हणजे घासायची पेस्ट. काही ठिकाणी तो लगदा वाळून घट्ट बसला आणि माझ्या काही कड्या वाकेनाशा झाल्या. उरलेला वेगाबरोबर उडून मागच्या टायरवर जाऊ लागला.

एक दिवस दूरच्या गोठ्यातून फोन आला, गाय अडली आहे. डॉक्टरबाई निघाल्या. शेवटच्या वळणावर मागचे टायर डांबरावरून साबणासारखे सटकले आणि आम्ही कडेच्या गवतात आडवे झालो. कोपर खरचटले, पेटी शाबूत राहिली. त्या उठल्या, टायरला बोट लावले, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग गाडी ढकलत गोठ्यापर्यंत नेली. आत काय झाले ते मी पाहिले नाही. पण गोठ्याचा मालक बाहेर येऊन स्वतःशीच हसत बादली शोधू लागला, त्यावरून गाय आणि वासरू दोघेही ठीक असावेत, असे अनुमान मी काढले. पुढे ते खरे ठरले.

परतताना त्यांनी टायर पुसून घेतले आणि मला अतिशय हळू गॅरेजपर्यंत आणले. गॅरेजवाल्याने लांबूनच पाहिले.

"मॅडम, ही गेली. नवीन टाकून घ्या."

"गेली म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे गेली. कड्या आखडल्यात बघा."

"आखडल्यात की झिजल्यात?"

"आता ते एवढं कोण बघतं, मॅडम."

"मी बघते," त्या म्हणाल्या आणि मला घरी घेऊन आल्या.

घरी कोपरावरची पट्टी पाहून बाबा थेट माझ्यापाशी आले. टायरच्या कडेवर त्यांनी अंगठा घासला, बोटांत चोळून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पातळ तेल त्यांनी आयुष्यभर बोटांनी ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. डॉक्टरबाईंनी घरामागच्या फरशीवर गाडी डबल स्टँडला लावली आणि दोघांना बोलावले.

"चेनला कोणी काय लावलंय?"

नवरा नळाकडे पाहू लागला. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हे बघा, जनावर बोलत नाही. म्हणून मी मालकाला विचारते, काय खायला घातलं होतं. तो शपथेवर सांगतो, काहीच नाही. आणि मग पोटातून अर्धी गोणी निघते. मला कोणाला रागवायचं नसतं. मला औषध ठरवायचं असतं."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत बाबा हळूच म्हणाले, "मी मशीनचं तेल घालायचो. सकाळी."

"सकाळी?" मुलगा वळला. "बाबा, मी ग्रीस लावत होतो. एवढं जाड ग्रीस पातळ कसं होतंय, तेच मला कळेना. भेसळ आहे म्हणून स्टोअरवाल्याशी भांडून आलो मी."

"ते ग्रीस होतं होय? मी डांबर समजून काडीने खरवडत होतो."

"आणि मी या दोन्हींवर स्प्रे मारत होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे तिघांनी मिळून मला गवतात झोपवलं."

मुलगा हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पितळी कुपी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"पातळ तेल माझंच होतं. तेच उडालं. आता मी गाडीला हात लावणार नाही. दिसत नसताना माणसाने लुडबुड करू नये."

मित्रांनो, मला भंगारात टाकणार की नाही, हा प्रश्न त्या क्षणी मला दुय्यम वाटला. दुकान गेले, भिंग गेले, आणि आता ती कुपीही कट्ट्यावर गेली, तर त्या बोटांनी करायचे काय?

डॉक्टरबाईंनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, नुसतं तुमचं तेल असतं तर ते उडून चेन कोरडी पडली असती. नुसतं ग्रीस असतं तर धूळ चिकटली असती. एवढा चिखल व्हायला तिघं लागले. एकट्याच्या नावावर नका घेऊ." हे विश्लेषण मला बहुतांशी मान्य आहे. पातळ तेल एकटेही टायरवर उडू शकते, हे त्यांनी सोडून दिले. पण चुकीची वाटणी अचूक करता येईल असे मोजमाप माझ्यापाशीही नाही.

मुलगा रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन आला. तो माझ्यावर टेकवणार तोच बाबांनी त्याचा हात धरला.

"तारेचा नको रे. आत रबर आहे. घड्याळात पाणी जाऊ नये म्हणून असतं ना, तसलं. ते फाटलं की ग्रीस गेलं आणि चेनही गेली. मऊ ब्रश आण. आणि पेट्रोल बिलकुल नको."

हात लावणार नाही, असे म्हटल्याला अर्धा तासही झाला नव्हता.

रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने मुलगा एकेक कडी धुऊ लागला. डॉक्टरबाई हाताने चाक हळूहळू फिरवत होत्या. इंजिन बंद होते, कारण चालत्या चेनमध्ये बोट गेले तर ते बोट परत मिळत नाही. धुतलेली कडी समोर आली की बाबा डोळे मिटून ती दोन बोटांत धरत आणि वाकवून पाहत.

"ही सुटली. ही पण. ही जरा कुरकुरतेय, पुन्हा धू."

झिजलेला सांधा सैल होतो. लगद्याने धरलेला सांधा धुतल्यावर मोकळा होतो. हा फरक डोळ्यांना क्वचित दिसतो, बोटांना लगेच कळतो. एक कडी मात्र सुटेना. मुलाने तीनदा धुतली. डॉक्टरबाईंचे चाकावरचे हात थांबले. बाबा ती कडी बाजूला, खाली, पुन्हा बाजूला हलवत राहिले. अखेर रोलरच्या फटीतून एक खडा निसटून फरशीवर पडला. कडी वाकली.

मग त्यांनी मागच्या दातेरी चाकाच्या अगदी मागच्या टोकाला मला चिमटीत धरून ओढले. चेन ताणून लांब झाली असेल तर ती तिथे दात्यांवरून उचलली जाते. मी हलले नाही.

"गेली नाहीये," बाबा म्हणाले.

"नक्की?" मुलाने विचारले.

"तूच ओढून बघ. माझ्यावर विश्वास कशाला ठेवतोस?"

त्याने ओढून पाहिले. नंतर डॉक्टरबाईंनीही. मला तिघांचे हे वागणे अतिशय आवडले. फडक्याने मला कोरडे केले, टायर साबणाच्या पाण्याने धुतले. उन्हात वाळताना मला जे हलके वाटत होते, त्याचे वर्णन मी करणार नाही; ते मोजता येत नाही.

राहिला प्रश्न वंगणाचा. बाबांनी सुचवले की माझे तीन भाग मानून प्रत्येकाला वेगळे वंगण लावावे आणि निकाल पाहावा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाबा, सगळ्या कड्या त्याच दात्यांवरून फिरतात. संध्याकाळपर्यंत तिन्ही एकमेकांत मिसळतील."

"म्हणजे तो प्रयोग आपला करून झालाय," बाबा म्हणाले. या वेळी ते हसले.

शेवटी गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका उघडली. ती इतकी वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित होती. तिच्यात लिहिले होते, नव्वद नंबरचे गिअर ऑइल चालेल, किंवा रबरी रिंगांच्या चेनला चालणारा स्प्रे. ऑइल रबराला चांगले, पण जास्त झाले तर उडते आणि धूळ ओढते. स्प्रे वाळून पातळ थर धरतो. रस्ता धुळीचा, म्हणून स्प्रे ठरला. डब्यावर छापलेले त्याचे बाकीचे गुण मी पडताळलेले नाहीत.

"लावणार कोण?" मुलाने विचारले.

"बाबा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अगं सूनबाई, मला दिसत नाही."

"बोटं आहेत ना? स्प्रे मारणं सोपं आहे. जास्तीचं किती पुसायचं, ते आमच्या दोघांत कोणाला कळतं? फक्त एक अट. लावलं की सांगायचं."

"सांगायचं? म्हणजे आपली आपण दवंडी पिटायची?"

"पिटायची."

तेव्हापासून असे चालते. डॉक्टरबाई दौऱ्यावरून येतात, मी अजून कोमट असते. बाबा चाक हाताने फिरवत माझ्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने, दोन्ही कडांच्या रिंगांवर फवारा देतात. कारण फिरताना वंगण बाहेरच्या दिशेने फेकले जाते, आत दिलेले असेल तर ते माझ्यातून जाते, बाहेर दिलेले थेट हवेत जाते. थोडे थांबून ते फडक्याने सगळे पुसतात. वरून मी कोरडीच वाटावी, इतके. मग रात्रभर मला विश्रांती. टायरला एक थेंबही लागत नाही. ते बोट फिरवून खात्री करतात. कुपी पुन्हा खिशात आहे. ती आता घरातल्या बिजागऱ्यांसाठी आहे.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. योग्य ते लावा, बेताने लावा, आणि लावण्याआधी विचारा की दुसऱ्या कोणी लावले आहे का. काळजी कमी पडून मी जेवढी झिजले नाही, तेवढी न सांगितलेल्या काळजीने झिजले.

त्या पहिल्या संध्याकाळी खिडकीतून ताटांचा आवाज येत होता. बाबांनी दोनदा घसा खाकरला. मग अवघडून म्हणाले, "चेनला आज मी स्प्रे मारलाय."

"कुंडीला पाणी मी घातलंय," मुलगा म्हणाला.

"भाजीत मीठ मी घातलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकदाच."

त्यानंतर बराच वेळ फक्त जेवणाचा आवाज येत राहिला. खारट झालंय, असे कोणी म्हणाले नाही.