पिवळा वजा बारा

सुईच्या टोकाशी पिवळ्या शाईचा एक थेंब अडून राहिला होता. पडत नव्हता, मागेही जात नव्हता. त्याने सिरिंजचा दट्ट्या केसभर मागे ओढला तेव्हा कुठे तो आत गेला. आठही रंगांत हाच एक असा लबाड, की अंगावर उडाला तरी वाटतं काही झालं नाही, आणि दोन दिवसांनी बाहीवर सापडतो… मग धुतला तरी जात नाही.

त्याने कार्ट्रिजचं रबरी बूच दाबून बसवलं. रिकामी, पारदर्शक, पुन्हा पुन्हा भरता येणारी अशी आठ कार्ट्रिज शाईवाल्याने पाठवली होती, आणि सोबत आठ बाटल्या. मूळ कंपनीने त्याच्या प्रिंटरची कार्ट्रिज बनवणं बंद केलं होतं. अकरा वर्षं नाकासमोर चाललेलं यंत्र, पण कंपनीच्या लेखी म्हातारं. तेव्हा आता बाहेरची शाई सुईने भरायची आणि तिचे रंग जुन्या शाईशी जुळतात का ते बघायचं. "तुम्ही एकदा हो म्हणालात की बाकीचे स्टुडिओवाले डोळे मिटून घेतील," शाईवाला फोनवर म्हणाला होता. "तुमच्यासारखा डोळा कुणाचाय?" धंद्यात त्याला 'काटा' म्हणत, तराजूचा काटा. रंग कागदावर जरा सरकला तरी याला कळतो, याच्याशी वाद घालू नये, अशी ख्याती. पूर्वी असं कुणी म्हटलं की तो मान खाली घालून मनातल्या मनात फुलायचा. आता वाटे, हा माणूस सगळं ठाऊक असून म्हणतोय.

बुडबुडे वर येईपर्यंत तासभर थांबून त्याने रेघांचा कागद काढला. प्रत्येक रंगाच्या बारीक रेघा. एखादी तुटक आली तर शाई सोडणारं तिथलं छिद्र तुंबलं म्हणायचं. काळ्या, निळ्या, लाल रेघा सरळ नजरेने तपासता येतात, पण पिवळ्या पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. डोळा त्यांना पांढऱ्यातच जमा करून टाकतो. म्हणून त्याने खणातून निळी काच काढून डोळ्यासमोर धरली आणि त्या सगळ्या रेघा एकदम काळ्याभोर होऊन उभ्या राहिल्या. एकही तुटलेली नव्हती. ही काचेची युक्ती त्याने आजवर किती जणांना शिकवली होती, थोड्या ऐटीतच… काच नसेल तर पिवळ्याच्या बाबतीत स्वतःवर विश्वास ठेवू नका, असं तोच सांगायचा.

मेहुणीला मात्र काच लागली नव्हती. आठ महिन्यांनी ती बहिणीला भेटायला आली, दारात उभी राहिली, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अगं, तू इतकी पिवळी कधीपासून झालीस?" आणि तो, काटा, तिथेच खुर्चीत बसलेला, म्हणाला होता, "ट्यूबलाइट बदलायला झालीय." मेहुणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बहिणीची खालची पापणी बोटाने ओढून बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिला घेऊन दवाखान्यात गेली. पित्ताच्या नळीजवळची गाठ. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते आणि मध्येच पेन थांबवून म्हणाले, "तीन महिने आधी आला असता तर…" पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी ते त्याने स्वतःच पूर्ण केलं होतं, वेगवेगळ्या शब्दांत.

"झालं का भरून?" आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि ते हल्ली उघडंच असे.

"भरलं. आता चेहरा काढून बघतो."

"बघा. माझाच ना?"

"तुझाच. दुसरा कुणाचा आहे माझ्याकडे?"

ती हसली असावी. हसण्याच्या जागी आता नुसता श्वास ऐकू येई.

चाचणीचा फोटो गेली अकरा वर्षं तिचाच होता. बाजूला करड्या रंगाच्या पट्ट्या आणि मध्ये ती, दुकानाच्या पायरीवर, उन्हाने डोळे किंचित बारीक केलेली. प्रिंट वाळला की त्याच्या पाठीवर तो पेन्सिलने तारीख आणि हिशोब लिही — लाल अधिक एक, पिवळा वजा दोन — आणि ती कडा कापता कापता ते मोठ्याने वाचून वहीत उतरवी. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण तिला ते अंधारातही लागलं असतं. पाठीवरचं कधी खोडायचं नाही, हा दुकानाचा नियम होता. चुकलं असेल तर चुकीचंच राहू द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी कळतं.

पहिल्या प्रिंटमध्ये ती हिरवट आली. तिसऱ्यात बरी. सातव्यात पट्ट्या स्वच्छ करड्या झाल्या आणि तिच्या गालावर तो जुना, गव्हाळ, निरोगी रंग जसाच्या तसा उतरला. शाई पास झाली होती. इथे थांबायला हवं होतं. शाईवाल्याला फोन करायचा, चहा टाकायचा, तिला चार वाजताची गोळी द्यायची…

त्याऐवजी त्याने तो दुसरा फोटो उघडला.

थंडी सुरू होत होती तेव्हाचा, मेहुणी यायच्या साडेतीन महिने आधीचा. नवी लेन्स आली होती म्हणून त्याने सहज कॅमेरा वर उचलला. ती खिडकीजवळ कागद कापत होती, निळा स्वेटर घातलेला, हाक मारली म्हणून तिने वर पाहिलं. छान फोटो. संध्याकाळी तो पडद्यावर घेतला तेव्हा तिचा चेहरा पिवळट दिसला. डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा. त्याला दिसलं. हेच तर… न दिसलेल्या गोष्टीची माफी असते, पण त्याला दिसलं होतं. आणि तिच्या मागची भिंत पांढरीस्वच्छ होती, तेही दिसलं होतं. उजेड पिवळा असता तर भिंतही पिवळी व्हायला हवी होती. हे धंद्यातलं पोरही सांगेल. भिंत पांढरी आणि चेहरा पिवळा, म्हणजे पिवळेपण उजेडात नाही, माणसात आहे. मला हे ठाऊक होतं. हातांना ठाऊक होतं, कारण त्यांनी भिंतीला धक्का न लावता फक्त चेहऱ्याभोवती रेघ आखली आणि तेवढ्याच भागातला पिवळा काढायला सुरुवात केली. चार. आठ. बाराला ती पुन्हा तिच्यासारखी दिसायला लागली. मी काढला. माझ्या हाताने, शीळ घालत. आणि तिला बोलावून दाखवला, तेव्हा ती म्हणाली होती, "हल्ली आरशात मी अशी दिसत नाही." तो म्हणाला होता, "आरशाला काय कळतं."

त्या पिवळा काढलेल्या फोटोचा प्रिंट आता तिच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांना टेकून उभा होता. तिनेच तिथे ठेवून घेतला होता.

मूळ फोटो, हात न लावलेला, त्याच्यापाशी होताच. मूळ कधी पुसायचं नाही हाही नियम. आज त्याने तो तसाच, नव्या शाईवर सोडला. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. प्रिंटरचं डोकं इकडून तिकडे जाऊ लागलं आणि कागद बोटबोटभर बाहेर यायला लागला. आधी भिंत, पांढरी. मग केस. मग कपाळ… आणि त्याला वाटलं कुणीतरी हे थांबवावं, वीज जावी, छिद्र तुंबावं. काही तुंबलं नाही. त्यानेच तर सकाळपासून डोळ्यांत तेल घालून ते साफ केलं होतं.

"हा कधीचा?"

ती भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. तो कागदावर हात ठेवेपर्यंत तिने तो ट्रेमधून उचललाही होता, कडेला धरून, शाई ओली असताना धरतात तसा. दुकानातली बावीस वर्षांची सवय.

"तू कशाला उठलीस?"

"पडून पडून पाठ अवघडलीय." तिने कागद खिडकीकडे वळवला. स्वेटरकडे पाहिलं, कापायच्या पट्टीकडे पाहिलं, चेहऱ्यावर बराच वेळ थांबली. त्याची वाक्यं तयार होती. कितीतरी रात्री त्याने ती जुळवली होती, मोडली होती, पुन्हा जुळवली होती. मला दिसलं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं गं. एवढंच. एवढं सात-आठ शब्दांचं.

"पिवळा फार आलाय," ती म्हणाली.

त्याने प्रिंटरचा रिकामा ट्रे आत ढकलला.

"शाईचा दोष असेल," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, वहीत उतरवल्यासारखं. "नवी आहे ना."

"हो," तो म्हणाला.

आणि म्हणता क्षणीच त्याला कळलं, की इतके दिवस आपण तिला कळेल म्हणून घाबरत नव्हतो. आपण त्याचीच वाट बघत होतो.

त्याने तिला दंडाला धरून आत नेलं. हाताला तिचं वजन लागतच नव्हतं. पलंगावर टेकवून पाय वर घेतले, पांघरूण ओढलं. चारची गोळी काढताना बाटलीला धक्का लागला आणि उशाशी टेकवलेला तो प्रिंट पालथा पडला.

पाठीवर त्याचं अक्षर होतं. तारीख, कागदाचं नाव, सगळं तसंच. फक्त तिसऱ्या ओळीत, जिथे त्याने 'चेहरा — पिवळा वजा १२' लिहिलेलं त्याला स्वच्छ आठवत होतं, तिथे काही नव्हतं. कागद जरासा खरबरीत झालेला. तिरका धरला तर पेन्सिलीचा वळ अजून दिसत होता. रबराने खोडलं होतं, सावकाश, नीट, तेवढंच, कुणा तिसऱ्याच्या, बहिणीच्या, नजरेला पडू नये असं. पाठीवरचं कधी खोडायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक असताना.

कधी? दवाखान्यातून आल्यावर? की त्याच्याही आधी, मेहुणी दारात उभी राहण्याच्याही आधी, हा फोटो हातात घेऊन ती आरशासमोर… नाही. तो पुढे जाऊ शकेना.

त्याने फोटो पुन्हा बाटलीला टेकवून ठेवला. तिने गोळी गिळली, पाणी प्यायली आणि डोळे मिटून घेतले. झोपली होती की नाही, ते कळत नव्हतं. सांगायचं सगळं अजून त्याच्यापाशी होतं, पण ते आता त्याचं राहिलं नव्हतं. तिने ते कधीच घेऊन, पुसून, जागच्या जागी ठेवून दिलं होतं. क्षमा म्हणून, की वैतागून, की नुसतीच घर आवरायची सवय म्हणून, हे विचारायचं तोंड त्याने आत्ताच एका 'हो'मध्ये घालवलं होतं.

दुकानात फोन वाजायला लागला. शाईवाल्याचा असणार, रंग जुळले का विचारायला. तो उठला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून त्याने मागच्या भिंतीकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि भिंत पांढरी आहे की नाही हे त्याला काही केल्या सांगता येईना.