भुईकाट्यावरची मिठाची पोती

आमच्या गावातले सगळे कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, निघण्याआधी धान्याच्या गोदामातल्या भुईकाट्यावर, अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर, चढतात. नवा गहू यायला अवकाश असतो, काटा रिकामाच पडलेला असतो. वजन करण्याचा माझा एक नियम आहे आणि माझ्या मुलानं, रोमननं, तो माझ्याकडूनच उचललाय: जसं जायचं तसंच तोलायचं. डिझेल पूर्ण, पाण्याची टाकी भरलेली, जाणारा प्रत्येक जण आपापल्या जागेवर. कुणी हजर नसेल तर त्याच्या वजनाइतकी मिठाची वीस-वीस किलोची पोती त्याच्या सीटवर.

अठ्ठ्याहत्तर वर्षं कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या सपाटीवर काढली, समुद्र काही पाहिला नाही. यंदा रोमनच म्हणाला, "बाबा, प्रिन्स रूपर्टला जाऊ, तुम्हाला समुद्र दाखवतो." कॅम्पर माझा, तो ओढणारी पिकअप त्याची. अख्खा हिवाळा मी नकाशावर बोटं फिरवत काढला.

त्या सकाळी आम्ही काट्यावर चढलो. पुढच्या सीटवर सूनबाई जोलीनच्या वाटची तीन पोती होती. मागे एका खिडकीशी नातीची दीड. दुसऱ्या खिडकीशी आणखी तीन. मी मधे अंग चोरून बसलो होतो.

"बाबा, तुम्ही जरा उतरा," रोमन म्हणाला.

"का रे? माझं वजन कोण धरणार, तुझा आजा?"

"उतरा ना."

उतरलो. गोदामाच्या खिडकीतून काटेवाला वेंडल ओरडला, "अरे ओरेस्ट, तू खाली काय करतोयस? स्वतःचाच नियम विसरलास की काय म्हाताऱ्या?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"ती खिडकीजवळची तीन कुणाची?" मी रोमनला विचारलं.

त्यानं स्टिअरिंग सोडलं नाही. "बर्निसची. जोलीनच्या आईची. ती यायचं म्हणतेय."

"आणि मी?"

"गाडीला झेपणार नाही, बाबा. वजन मर्यादेबाहेर जाईल. माझ्या हातात असतं तर नेलं नसतं का?"

चाळीस वर्षं ट्रेलर ओढलेत मी. वजनाचं कारण असेल तर माझ्याकडे बोलायला तोंड नाही. वाईट वाटलं, पण पोराचा राग आला नाही.

वेंडल चिठ्ठी घेऊन बाहेर आला. "झकास! मर्यादेच्या आत दोनशे दहा किलो शिल्लक आहेत. चढ ओरेस्ट, पोटासकट मावशील!"

माझं वजन ब्याण्णव किलो.

मी रोमनकडे पाहिलं. त्यानं चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मला थाप मारताना त्याची जीभ अडखळली नाही, काट्यावर मात्र खोटं वजन ठेवायला तो धजला नाही. मीच तसं शिकवलंय. त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं.

"मधली सीट रिकामी आहे," मी म्हणालो. वेंडलसमोर लाज सोडून म्हणालो. "मला मधे बसायला चालतं, रोमन."

त्यानं गाडी सुरू केली आणि आरशात बघतच म्हणाला, "तुमची बॅग कॅम्परमधून काढून तुमच्या घराच्या मागच्या दारापाशी ठेवलीय, बाबा. सकाळी तुम्ही दाढी करत होतात, तेव्हाच."