मधुकर तोंडवळकर यांचं पार्सल

"आजोबा, ओटीपी सांगा," म्हणत पार्सलवाल्याने खोकं पायाने उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"एवढं मोठं?" दत्ताराम म्हणाला. "आम्ही छोटं मशीन मागवलं होतं, वाफेचं."

"वर नाव तुमचंच आहे ना? मग झालं."

नाव त्याचंच होतं. दत्ताराम घाडी, तिसरा मजला, कांजूरमार्ग पूर्व. त्याने आकडा सांगितला, माणूस गेला. मग दत्तारामने सुरीने चिकटपट्टी कापली. थर्माकोलमधून चाकं बाहेर आली, मग पांढरी पेटी, मग लांब पारदर्शक नळी. हे मशीन त्याने हॉस्पिटलात पाहिलं होतं. हवेतून ऑक्सिजन काढणारं. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, "आता घरी हेच लागेल," आणि "बघू" म्हणून दोघं नवरा-बायको उठले होते.

खोक्याच्या तळाशी बिल होतं. मधुकर तोंडवळकर, मुलुंड पूर्व. इमारत, मजला, खाली मोबाईल नंबर. गोदामात कुणीतरी दोन खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. दत्तारामने बिल दोनदा वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

विमला पलंगावर उशांना टेकून बसली होती. फुफ्फुसं कडक होत जाण्याच्या दुखण्यामुळे दीड वर्ष ती आडवी झोपली नव्हती. जवळच्या डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद असायच्या. बंद खोलीत तिचा श्वास दिवसभर ऐकू यायचा.

मशीन मागवणारी त्यांची मुलगी, श्रुतिका, गोरेगावला राहायची. दत्तारामने तिला फोन लावला. तिने कंपनीला विचारलं आणि तासाभराने उलट फोन केला.

"बाबा, तक्रार घेतली त्यांनी. सात दिवसांत माणूस न्यायला येईल. नाही आला तर तक्रार आपोआप बंद. मग ठेवा म्हणते तिथली बाई."

"असं कसं ठेवा?"

"चूक त्यांची आहे ना? आपण कळवलं, विषय संपला. तोपर्यंत आईला लावा. आत कुणाचं नाव-बिव आहे का?"

दत्तारामने खिशावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने पत्रक वाचून मशीन सुरू केलं. विमलाच्या नाकात नळी अडकवली. अर्ध्या तासाने तिचे खांदे खाली आले. त्या रात्री ती एका उशीवर आडवी झोपली आणि तिचा श्वास ऐकू येईना, म्हणून दत्तारामच दोनदा दचकून उठला.

मंगळवारी तिने स्वतःची वेणी घातली. अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. "माका बरा वाटता," ती म्हणाली. असं तिने शेवटचं कधी म्हटलं होतं, ते त्याला आठवेना.

दत्ताराम चौतीस वर्षं पोस्टमन होता. बहुतेक नोकरी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये झाली. तिथे घरांना नंबर नव्हते आणि एका गल्लीत एकाच नावाची चार माणसं. पत्ता अपुरा म्हणून पत्र परत पाठवणं त्याला जमत नसे. चहावाल्याला विचार, नळावरच्या बायांना विचार, पुन्हा वर चढ. गुडघे त्यातच गेले. आता खिशात पूर्ण पत्ता होता, फोन नंबरसकट, आणि तो स्वतःला समजावत होता की कंपनीला कळवलंय, ते त्या माणसाला दुसरं मशीन पाठवतील, पाठवलंही असेल.

तरी दुपारी त्याने तो नंबर लावला. दोनदा रिंग गेल्यावर कापला.

बुधवारी त्या नंबरवरून फोन आला. तो बाहेर व्हरांड्यात गेला.

"काल या नंबरवरून मिस्ड कॉल होता," एक बाई म्हणाली. "कंपनीतून बोलताय का? ऑक्सिजनच्या मशीनचं?"

तिच्या मागे कुणीतरी खोकत होतं. खोकला थांबतच नव्हता. दत्तारामने दारातून आत पाहिलं. विमला मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत होती.

"राँग नंबर," तो म्हणाला.

शुक्रवारी विमलाला एवढी हुशारी आली की तिने नळी लावूनच धुवायचे कपडे वेगळे काढायला घेतले. शर्टाच्या खिशात कागद लागला. शाळा चौथीपर्यंतची, तिने बोट ठेवून नाव वाचलं.

"मधुकर कोण?"

दत्तारामने सांगितलं. फोनचंही सांगितलं.

"तुमका पयल्या दिसापासून ठावक होता?"

विमलाने नळी काढली, हात लांबवून बटण बंद केलं.

"नेऊन देवा त्येंका."

"आणि तू?"

"माझा मी बगतंय."

रिक्षावाल्याने तिसऱ्या मजल्यावरून पेटी खाली उतरवायला मदत केली. मागच्या सीटवर पेटी आणि दत्ताराम. मुलुंडची ती इमारत त्याला कुणाला न विचारता सापडली. दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. दार उघडं होतं. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, एका कोपऱ्यात जमिनीवर दिवा. त्याला तिथूनच फिरता आलं असतं. पेटीचं हँडल धरून तो उभा राहिला.

साठीची एक बाई बाहेर आली. ती मधुकर तोंडवळकरांची बायको, रुक्मिणी. तिने आधी पेटीकडे पाहिलं.

"आता आणलंत?"

"मी कंपनीचा नाही. हे माझ्याकडे आलं होतं, चुकून."

"काल सकाळी गेले ते." ती सावकाश बोलत होती. "भाड्याचा सिलिंडर होता. बुधवारी रात्री संपत आला. दुसरा पोचायला सकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, तसेही फार दिवस नव्हते. आता ते तसंच म्हणणार."

आतून कुणीतरी विचारलं, कोण आहे. ती "कोणी नाही" म्हणाली.

दत्तारामला वाटलं, पेटी ठेवावी आणि जावं. पण त्याच्या तोंडून निघालं, "बुधवारी तुमचा फोन आला होता. राँग नंबर म्हणालो, तो मी. पत्ता माझ्याकडे सोमवारपासून होता."

रुक्मिणीने दाराच्या चौकटीला हात टेकला. खालून कुणीतरी लिफ्टसाठी घंटी वाजवत राहिलं.

"घरी कोण आजारी आहे?"

"बायको."

"कशी आहे?"

"चार दिवस बरी होती."

ती आत गेली आणि एक लहान, न उघडलेलं खोकं घेऊन आली. "हे तुमचं असणार. एवढंसं खोकं बघूनच कळलं की आमचं नाही. कंपनीवाले म्हणाले, उघडू नका, उघडलं तर परत घेणार नाही. म्हणून उघडलं नाही."

उघडलं असतं, तर आतल्या बिलावर दत्तारामचा नंबर मिळाला असता. दोघांनाही ते एकदमच सुचलं असावं. तिने खोकं त्याच्या हातात दिलं.

"ते मशीन न्या परत," रुक्मिणी म्हणाली.

"मला माफ..."

"माफबिफ मला आत्ता काही कळत नाही. ते इथे नको, एवढं कळतं. तुमच्या घरी माणूस आहे. न्या."

दत्ताराम घरी पोचला तेव्हा विमला खिडकीशी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते. पेटी परत आलेली पाहून तिला कळलं. त्याने तरी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. मशीन सुरू करून नळी पुढे धरली. तिने ती घेतली नाही. तिचे ओठ हळूहळू काळपट दिसायला लागले.

"विमल, घे गो," तो म्हणाला.

शेवटी तिने हात पुढे केला, नळी स्वतःच नाकाला लावली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

"बाराव्याक जावा," थोड्या वेळाने ती भिंतीकडेच बघत म्हणाली.

"कुणी बोलवणार नाही मला."

"बोलावना नसता त्येचा."

बाराव्याला तो गेला. कुणी त्याला मधुकररावांच्या ऑफिसातला समजलं, कुणी गावाकडचा. फोटोसमोर हात जोडून तो निघणार होता, पण पंगत बसत होती आणि एका म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून एका रिकाम्या जागेवर बसवलं. रुक्मिणी भाताचं पातेलं घेऊन वाढत येत होती. त्याच्यासमोर आल्यावर ती थांबली. तिने ओळखलं. मग वाकून तिने इतरांइतकाच भात त्याच्या पानात वाढला आणि वरण यायची वाट बघत तिथेच उभी राहिली.

"जेवा," ती म्हणाली.

वरण आल्यावर दत्तारामने भात कालवला. घास हातात तसाच राहिला. त्याने तो तोंडात घातला, तेव्हा रुक्मिणी पुढच्या पानाकडे वळली.