चार फोडींचा कांदा

"ही किमची? साखरेत बुडवून मारलेला कोबी आहे नुसता," सासूबाई टॅक्सीत माझ्या कानाशी पुटपुटल्या. "मी मेल्यावर माझ्या पानात असलं काही वाढलंत, तर उठून निघून जाईन."

"मेल्यावर उठणार कशा?"

"तुझं बघून घे. मी उठेन."

सुवा शहरात सकाळपासून आम्ही कोरियन खानावळी धुंडाळत होतो. ऐंशी पूर्ण झाल्यावर सासूबाईंनी फिजीला जायचा हट्ट धरला. सासरे टूना पकडायच्या जहाजावर होते, त्यांची निम्मी हयात याच समुद्रात गेली. "तुझ्या बापानं एवढं काय पाहिलं, ते मला बघू दे," असं लेकाला सांगून त्यांनी तारखासुद्धा स्वतःच ठरवल्या. सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी नेमकी त्यातच येते, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा विमान कोरियातलं आमचं बुसान सोडून ढगात शिरलं होतं.

गेलेला माणूस वर्षातून एकदा जेवायला येतो. पान मांडलेलं नसेल तर उपाशी परततो. माझा नवरा तेसोक डॉक्टरवरही विश्वास ठेवत नाही, पण यावर ठेवतो. एकुलता एक मुलगा तो. हॉटेलच्या खोलीत का होईना, संध्याकाळी पान मांडायचंच, आणि अन्न अस्सल आपलंच हवं, असं त्यानं जाहीर केलं होतं. अशा पानात मिरची-लसूण चालत नाही. भात आणि सूप जिवंत माणसाला वाढतो त्याच्या उलट बाजूंना ठेवायचं. आमच्या घरात मांडणी पुरुषांची आणि तळणं बायकांचं. दमायचं कोणी, हे सांगायला नकोच.

सासूबाईंना मात्र एकही खानावळ पसंत पडेना. पहिल्या ठिकाणी चव तरी घेतली. पुढे तर मालकीण बाहेर आली, की तिच्या तोंडाकडे बघायच्या आणि "इथे नको" म्हणून वळायच्या.

"आई, जेवण चाखायचंय, सून बघायची नाहीये," तेसोक वैतागला.

बंदराजवळ एका दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आतून तिळाच्या तेलात मासे तळल्याचा वास आला आणि मला एकदम घर आठवलं. एक उंच, कुरळ्या केसांची, चाळिशीतली बाई हात पुसत वाकून बाहेर आली.

"आज बंद आहे हो. बाबांचं श्राद्ध आहे."

दिसायला इथलीच वाटत होती, पण बोलणं थेट बुसानच्या गोदीतलं. बायकांकडून नाही, खलाशांकडून शिकलेलं.

"अहो, आमच्याकडेही आजच!" तेसोक खुलला. "वडिलांचंच. थोडं अन्न मिळेल का?"

"घ्या की दादा, हवं तेवढं! मेलं पोतंभर तळून ठेवलंय. एकटा म्हातारा किती गिळणार?"

तेसोकचे कान लाल झाले. मला हसू आवरेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत आणि वळल्याही नाहीत. त्यांची नजर त्या बाईच्या कपाळावर होती. मग दारातल्या बाकावर टेकल्या.

मेरेओनी, हे तिचं नाव, आम्हा दोघांना आतल्या खोलीत घेऊन गेली. पान मांडून तयार होतं. माशाच्या तुकड्या, मुळ्याचं सूप, नासपती, सगळं होतं. तेसोकला मात्र एवढं सगळं सोडून चूक तेवढी दिसली.

"अरेरे, ताई! भात-सूपाच्या जागा चुकल्यात. हे जिवंत माणसाचं पान झालं. शिकवलं नाही का कुणी?"

"शिकवणार कोण? बोटीवरच्या काकांनी सांगितलं, तेवढं लक्षात ठेवलं."

"थांबा." जन्मभर एकुलता एक मुलगा असल्याची सवय. त्यानं पुढे वाकून दोन्ही हातांत दोन वाडगे उचलले आणि अदलाबदल करता करता नजर वर टाकली. समोर फोटो होता.

तो तसाच वाकलेला राहिला. सूप हिंदकळून त्याच्या अंगठ्यावर सांडलं. चांगलं कढत होतं. त्याला कळलंही नाही.

फोटोत माझे सासरे होते.

आमच्या घरातल्या फोटोत ते टाय लावून, ओठ मिटून बसलेत, दंड भरायला आल्यासारखे. इथे गंजीफ्रॉकवर होते, खांद्यावर कुरळ्या केसांची पोर, आणि तोंड उघडून हसत होते. त्यांचा बाजूचा एक दात नव्हता. लग्न झाल्यापासून मी या माणसासाठी दरवर्षी मासे तळत आले, आणि दाताचं मला तेव्हा कळलं.

"बोटीवरचे लोक..." तेसोकचा आवाज फाटला. "एकमेकांचे फोटो ठेवायचे ते. मित्रांचे."

"आणि माणसासारखा माणूस असतोच," मी घाईनं ठिगळ लावलं.

मेरेओनी आमच्याकडे बघत राहिली. "तुम्ही ओळखता बाबांना?"

"नाही," तेसोक म्हणाला. एवढ्या पटकन कुणी खरं बोलत नाही.

तेवढ्यात मला पानाच्या कडेला एक बशी दिसली. तिच्यात कच्चा कांदा, चार फोडी केलेला. श्राद्धाच्या पानात कांदा कुणीही वाढत नाही. कुणीही नाही, फक्त सासूबाई वाढतात. तेसोक दरवर्षी कुरकुरतो, "आई, कांदा चालत नाही." त्या दरवर्षी म्हणतात, "त्यांना चालतो."

मी तिथल्याच तांदळाच्या पोत्यावर बसले.

सासूबाई कधी आत आल्या, कळलं नाही. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि दचकल्या नाहीत. मला खरा धक्का तिथे बसला. हट्ट, तारखा, मालकिणींची तोंडं न्याहाळणं, सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलं.

त्यांनी बशीवर बोट ठेवलं. "हा कांदा कुणी सांगितला?"

"कुणी नाही, आजी. त्यांना आवडायचा. मुठीनं फोडायचे."

"हो. माझे पाट फोडले त्या नादात."

मेरेओनीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आई, चल," तेसोक म्हणाला. पन्नाशीचा बाप्या, आवाज बालवाडीतला. "दुसरीकडे बघू. इथलं आपल्याला चालणार नाही. ह्योजूची आई, ऊठ." मला तो आमच्या लेकराच्या नावानंच हाक मारतो.

मी उठले नाही.

"आधी ते वाडगे ठेव. बोट भाजलंय तुझं," सासूबाई त्याला म्हणाल्या.

"कुठे ठेवू?" त्यानं विचारलं. मांडणीचा एवढा जाणकार माणूस, पण त्याला खरंच सुचत नव्हतं.

सासूबाईंनी वाडगे त्याच्या हातातून घेतले आणि नीट, मेलेल्या माणसाला ठेवतात तसे ठेवले. मग मेरेओनीचा तेलकट हात धरून तिला पानासमोर उभं केलं.

"बुसानला दरवर्षी मी पानासमोर बसून विचार करायचे, आज हा माणूस कुठे जेवत असेल," त्या म्हणाल्या. "तेसोक, ही तुझी बहीण आहे. वाकायचं असेल, तर तिच्या शेजारी वाक."