हलकी नको

"भैया, हल्का मत दिखाना," पंढरीनाथांनी दुकानात पाय ठेवताच बजावलं.

लखनौच्या निशातगंज बाजारातल्या त्या दुकानदाराने मान डोलावली आणि एक बॅडमिंटनची रॅकेट काढून दिली. पंढरीनाथांनी ती फिरवून पाहिली. मनगटाला ओढ बसली. त्यांनी तोंड वाकडं केलं तशी त्याने दुसरी काढली, ती पहिलीपेक्षा जड. तिसरी फिरवताना खांदाच भरून आला. म्हातारा बघून पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय, अशी त्यांची खात्री झाली.

सगळी नोकरी लखनौत झाली, पण पंढरीनाथांची हिंदी बँकेतली. बाजारातली हिंदी बायकोची, गीताची. कापड चुरगाळून बघणं, भाव पाडणं, सगळं तिच्याकडे. ती गेल्यापासून प्रत्येक दुकानदार आपल्याला फसवतोय असं त्यांना वाटायचं, आणि खरंच फसवलं का, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

घराजवळ, महानगर कॉलनीतल्या पार्कात गीता रोज सकाळी बॅडमिंटन खेळायची. आता चौथा गडी मिळत नाही, काकूंच्या जागी तुम्ही या, म्हणून शेजारचा सुबोध कधीचा मागे लागला होता. पंढरीनाथांनी जन्मात रॅकेट धरली नव्हती. या दुकानात आणलंही सुबोधनेच. यात त्याचं काही कमिशन असेल का, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

नमुना म्हणून गीताची रॅकेट त्यांनी काखेत धरली होती. दुकानदाराने ती बघायला मागितली, पण त्यांनी दिली नाही. आत नेऊन तारा बदलल्या तर?

आणखी एक जड रॅकेट पुढे आली तेव्हा त्यांचा आवाज चढला. दारात फोनवर बोलणारा सुबोध आत आला.

"मैं क्या करूँ सर," दुकानदार त्याला म्हणाला. "अंकल हल्का वाला देखते ही नहीं. नए आदमी को तो हल्का ही चाहिए."

सुबोधला हसू आवरेना. "काका, तुम्ही हलकं म्हणजे भिकार म्हणताय. तो वजनाचं समजलाय."

"मग तसं सांगायचं ना त्याने."

"अच्छा, म्हणजे चूक त्याचीच."

पंढरीनाथांनी काखेतली रॅकेट काउंटरवर ठेवली. "ऐसा चाहिए."

दुकानदाराने ती बोटावर तोलली. "बिल्कुल सही है यह. इसी से खेलिए, नई क्यों लेते हैं?"

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसावर काय संशय घ्यायचा, ते पंढरीनाथांना सुचेना.

"ये उनकी है," ते म्हणाले.

दुकानदाराने तशीच हलकी एक काढून दिली. पैसे घेतल्यावर त्याने गीताची रॅकेट उलटी केली. "ग्रिप घिस गई है. बदल देता हूँ, ऐसे ही." आणि त्याने मुठीवरच्या पट्टीच्या टोकाला नख लावलं.

"राहू दे," पंढरीनाथ मराठीतच म्हणाले आणि रॅकेट ओढून घेतली.

"काका, फुकट करत होता तो," बाहेर आल्यावर सुबोध म्हणाला. त्यांनी रिक्षाला हात केला.

रिक्षात बसल्यावर नवी रॅकेट त्यांनी सुबोधकडे दिली, जुनी मांडीवर घेतली. मुठीवर गीताच्या बोटांचे खळगे पडले होते. त्यांनी आपली बोटं त्यात बसवून पाहिली. बसली नाहीत, तिचा हात लहान होता.

मग त्यांनी मूठ सोडली आणि रॅकेट वरून, तारांपाशी धरली.