दानम्माचा डावा हात

"आटप जरा जल्दी. दुकानापुढं गिऱ्हाईक उभं हाय," सिद्धराम म्हणाले.

दानम्माने वर पाहिलं नाही. तिच्या डाव्या तळहातावर रोज गळ्यात असणारं छोटं इष्टलिंग होतं आणि त्या हाताखाली नवऱ्याचा हात होता. संक्रांतीनंतर तिला लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जीभही जड झाली होती. पण लिंगपूजा डाव्या हातावरच करायची आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम होता. हात उचलला जात नव्हता, म्हणून तो कुणीतरी खालून धरायला हवा होता. मुलगा वीरेश नोकरीसाठी लातूरला राहायचा. म्हणजे घरात हात धरणारं एकच माणूस उरत होतं.

आणि ते माणूस धीराने बसणारं नव्हतं. चाकूरच्या बाजारात सिद्धरामांचं किराणा दुकान. गिऱ्हाइकाने "साखर" म्हणायचा अवकाश, यांची पुडी बांधून तयार. "साखर हाय घरात, चहापत्ती द्या" हे पुढचं वाक्य ऐकायला ते थांबत नसत. त्यांची स्वतःची लिंगपूजा दूध उतू जायच्या आत आटपायची. 'नमः शिवाय' एका दमात इतक्यांदा निघायचं की शब्द एकमेकांवर आपटायचे. चांगली होती तेव्हा दानम्मा हसून म्हणायची, "शिवाला ऐकू तरी येऊ द्या की."

आता ती एकेक अक्षर जड जिभेने उचलून ठेवायची. मध्येच थांबायची, लिंगाकडे बघत राहायची, मग पुढचं अक्षर. सिद्धरामांना ते बघवत नव्हतं आणि खरं सांगायचं तर सोसवतही नव्हतं. एकदा त्यांनी तोडगा काढला. "मीच म्हनतो दोघांचं. तुझा शिव काय येगळा हाय का?" असं म्हणून त्यांनी सगळा जप झपाट्याने उरकून टाकला. दानम्माने तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग आपला पहिल्यापासून सुरू केला.

पुढच्या आठवड्यात पूजेच्या वेळी फोन वाजला. तेलाचे डबे घेऊन टेम्पो आला होता. सिद्धरामांनी उजव्या हाताने फोन कानाला लावला, "मागच्या दारानं घे," म्हणाले, आणि फोनवरच्या माणसाला मागचं दार दाखवायला तिच्या हाताखालचा दुसराही हात उचलला.

लिंग फरशीवर पडलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं.

त्यांच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. मठाच्या स्वामींना निरोप गेला. ते परगावी होते. ते येऊन, शुद्धी करून लिंग पुन्हा दानम्माच्या हातावर यायला दुपार टळली. डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्तदाबाची गोळी चुकवू नका, दुसरा झटका आला तर काही खरं नाही. गोळी वाटीत तशीच पडून होती.

"गोळी तरी घे गं. पाया पडतो तुझ्या."

"पूजा... झाली... की," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर सिद्धरामांना बरं वाटलं असतं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिची भीती वाटली आणि तिच्यासाठीही वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन बंद करून फडताळात ठेवला. दुकानाची किल्ली शेजारच्या किशनराव टेलरकडे दिली.

"कवा येनार म्हनून सांगू लोकायला?" किशनरावांनी विचारलं.

"तिचं झालं की."

सुरुवातीला अवघड गेलं. हाताला मुंग्या यायच्या, मन दुकानात तराजूपाशी जाऊन उभं राहायचं. मग ते तिच्या बोटांकडे बघायचे. करंगळी थोडी थरथरायची. विभूतीचा कोरडा वास यायचा. मनगटाच्या आत भाजल्याचा एक जुना डाग होता.

"हे कवा भाजलं?" पूजा झाल्यावर त्यांनी विचारलं.

"वीरेशच्या... बारशाला."

म्हणजे पस्तीसएक वर्षं झाली. तेव्हा आपण कुठे होतो, ते सिद्धरामांना आठवलं नाही. इथेच असणार, घाईत.

हळूहळू तेही तिच्याबरोबर पुटपुटू लागले. ती थांबली की थांबायचे, ती पुढचं अक्षर उचलायची तेव्हा हेही उचलायचे. पूजा कधी संपली ते एखाद्या दिवशी कळायचंही नाही. दोघं तशीच बसून असायची. दुकानातही फरक पडला. गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत शेठ थांबतात, हे पाहून बाजारात त्यांच्या तब्येतीची काळजी सुरू झाली.

दुसरा झटका श्रावणाच्या तोंडावर आला. गोळी एकही चुकली नव्हती, तरी आला. दानम्मा झोपेतच गेली.

त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, आणि डाव्या हातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. खड्ड्यात दानम्माला भिंतीशी टेकवून बसवलं. कपाळभर विभूती लावली, मांडीवर बेलाची पानं ठेवली. स्वामींनी लिंग तळहातावर ठेवलं, पण हात कलत होता. त्यांनी तो मांडीवर नीट बसवून पाहिला. पुन्हा कलला.

सिद्धराम कुणाला न विचारता खाली उतरले. तिच्याशेजारी बसले आणि आपला हात तिच्या हाताखाली धरला. हात गार होता, पण वजन तेच होतं.

स्वामींचे मंत्र झाले. आभाळ भरून आलं होतं, लोकांची चुळबुळ सुरू झाली होती. वीरेशने वरून वाकून हात पुढे केला.

"अप्पा, झालं. वर या आता."

सिद्धराम तिच्या तळहाताकडे बघत होते. त्यांचे ओठ अगदी सावकाश हलत होते.

"थांब की जरा," ते म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."

वीरेशने पुढे केलेला हात मागे घेतला. भोवती उभ्या असलेल्या माणसांनी मुठीतली माती हळूच पायाशी ठेवली.