साबणपाण्याची नोकरी

"आई, आज देवापुढं दिवा लावू नका."

मुक्ताबाईंच्या हातातली काडेपेटी हातातच राहिली. न्हाऊन, धुवट लुगडं नेसून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. आत कोपऱ्यात देव्हारा. आणि बाहेर अंगणात, दगडावर उभा राहून, भिंतीतल्या झरोक्याला नाक लावून हे सांगत होता कोण? तर ख्रिस्तीवाड्यातला याकोब.

"काय म्हनलास?"

"दिवा नगं म्हनलं. शेगडीबी नगं. आत गॅस कोंडलाय."

"अरं वा रं वा, याकोब्या! तुज्या चर्चात तू मेनबत्त्या लावतोस, तवा मी येती का फुकाया? चाळीस वर्सं झाली या घरात येऊन. पोरं झाली, मानसं गेली, पन दिवा चुकला न्हाई. आन तू मला सांगतोस?"

बोलणं खरं होतं. म्हणून तर याकोबाची पंचाईत झाली.

सगळा खटाटोप त्या गोबरगॅसचा. एकाहत्तर साली बेलापूरच्या अंगाला असलेल्या त्या गावात पहिला गोबरगॅस बसवला तो मुक्ताबाईंच्या मुलाने, कारभारीने. गोठ्यामागे विटांचा खड्डा, त्यात शेणकाला, वर पालथी लोखंडी टाकी. गॅस धरला की टाकी वर यायची, वापरला की खाली बसायची. तिथून नळ निघून अंगण ओलांडून स्वयंपाकघरात शेगडीपर्यंत. जुनी चूल बिचारी परसात गेली. पण शेगडी काही पेटेना. संध्याकाळी टाकी दिमाखात वर आलेली असायची आणि सकाळी पाहावं तर खाली बसलेली. गावाला तेवढंच हवं होतं. पारावर लोक म्हणायचे, "कारभाऱ्याची टाकी रातच्याला फिराया जाती." तालुक्याचा माणूस येऊन "शेण वाढवा" म्हणून सांगून गेला. शेण वाढवलं, वास वाढला, जाळ काही आला नाही. मग कुणाला तरी आठवलं, अरे, आपला याकोब गॅसच्याच कामावर होता की!

होता खरा. आठ वर्षं. गुजरातेत, भरूचच्या पलीकडे, तेलाच्या विहिरींवर. सुट्टीला गावी आला की लोक विचारायचे, "काय काम करतोस रं?" आणि तो खरं ते सांगायचा, "सांद्याला साबन लावतो." झालं! हसून हसून लोक लोळायचे. "यवढ्या लांब जाऊन धुनंच धुतोस व्हय?" त्याची बायको सारासुद्धा पदर तोंडाला लावायची. ती हसायची ते त्याला आवडायचं, म्हणून तोही जास्त सांगत बसायचा नाही. आता सारा नव्हती आणि विचारणारंही कुणी नव्हतं.

सांगायचं तरी कसं? कापसाच्या रानात मध्येच ती विहीर असायची. विहीर म्हणजे काही मोट चालावी अशी नव्हे. जमिनीतून वर आलेला लोखंडी नळ, त्याला आडवेतिडवे फाटे, चाकं, तोट्या. बादली आणि कुंचला घेऊन तांबडं फुटायला निघायचं. प्रत्येक सांध्याला फेस लावायचा आणि डोळा लावून बसायचं. गॅस दिसत नाही, बोलत नाही. पण चोर असला तरी फेसात सापडतो. मोहरीएवढा बुडबुडा यायचा, मोठा व्हायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. मग खडूची खूण करायची आणि पुढची विहीर. बांधावर तित्तर ओरडायचे. लांब कुणाच्या तरी झोपडीतून चहाला उकळी आल्याचा वास यायचा. देवा, काय सकाळी होत्या त्या! ज्या दिवशी काही घडलं नाही तो दिवस चांगला, अशी ती नोकरी. दाखवायला हातात काही नाही.

आणि एक दिवस घडलं. बन्सी म्हणून पारनेरकडचा गडी होता, वयाने आणि नोकरीने मोठा. पत्र्याच्या शेडमध्ये विडी ओढायला गेला. याकोब दारातच होता. त्याला वास आला होता. पण एवढ्या जुन्या माणसाला आपण कसं सांगावं, तो म्हणेल कालचं पोरगं मला शिकवतंय, अशा विचारात दोन घटका नव्हे, दोन श्वास गेले. तेवढ्यात बन्सीने काडी ओढली. नाकाला कळलं होतं, पण तोंडाने सांगितलं नाही. त्यानंतर त्या रानात याकोबाचं मन रमलं नाही.

कारभारीला त्याने आदल्या दिवशी बजावलं होतं, "सांजच्याला टाकीपाशीच तोटी बंद कर. सकाळी टाकी बसली तर टाकी गळती. न्हाई बसली तर पुढं कुटंतरी." सकाळी टाकी होती तशी उभी! कारभारीला एवढा हर्ष झाला की याकोबाची वाटही न बघता त्याने तोटी सताड उघडली. एरवी गॅस रात्रभर थोडाथोडा निसटून विरून जायचा, आज भरली टाकी ऐन दिव्याच्या वेळेला सुटली. तासाभराने याकोब आला. अंगणातल्या नळाला त्याने सांधा न् सांधा फेस लावला. एक बुडबुडा नाही. उरला तो भिंतीपलीकडचा तुकडा. म्हणून दगडावर चढून झरोक्याशी नाक नेलं. शेणाचा वास वेगळा आणि हा वेगळा. पण गोठ्याच्या घरात राहणाऱ्याला तो उमगावा कसा?

"कारभारी, तोटी बंद कर आदी!" तो ओरडला.

कारभारी गोठ्यामागे धावला. मुक्ताबाईंनी मात्र काडी बाहेर काढली. "देवाच्या दिव्यानं कुनाचं वाईट झालंय का आजवर?"

"आई!" याकोबाचा आवाज फाटला. "माजा मैतर जळाला असाच. मला वास आल्ता, मी बोललो न्हाई. आज बोलतोय. जोड्यानं मारा मला, पन काडी वडू नका!"

मुक्ताबाईंची सून मनकर्णा मागे उभी होती. आठ दिवस तिचं डोकं दुखत होतं आणि सासू म्हणत होती, कामाची चुकारी. तिने पुढे होऊन सासूच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि अंगणात भिरकावली. त्या घरात सुनेने असं केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दारं-खिडक्या उघडल्या. घर वाऱ्यावर टाकून सगळे अंगणात बसले. बऱ्याच वेळाने याकोबाने पुन्हा वास घेतला, मान हलवली, टाकीची तोटी जराशी उघडायला सांगितली आणि बादली उचलून उंबऱ्याकडे निघाला.

"तितंच," मुक्ताबाई म्हणाल्या. "आन तो साबनबी नगं. चरबी आसती त्यात. माज्या देवापाशी चालायची न्हाई."

याकोब थांबला. बादली खाली ठेवली. रागावला नाही, त्याला हे नवीन थोडंच होतं? पण जिवाला लागलं, लागायचं ते लागतंच.

"मामा," मनकर्णा म्हणाली, "रिठं चालत्याल का?"

"फेस आला म्हंजी झालं, पोरी."

तिने रिठे चोळून पातेलंभर फेस काढला आणि ती आत गेली. याकोब झरोक्याशी उभा राहिला. शेगडी नेमकी त्याच भिंतीला लागून खाली होती, त्याला काही दिसत नव्हतं.

"आदी भिंतीपासला सांदा. लावलास? मोज धा. बघ."

"बसला फेस. काय न्हाई."

"आता नळ वळलाय तो कोपरा. घाई करू नगं."

मग एकदम, "अगं बया! मामा, फुगतंय! लाह्या फुटल्यावानी!"

"कोपरा कुनी फिरवला?"

कारभारी डोकं खाजवायला लागला. बसवणाऱ्याने शेगडी लावली ती बाईचं तोंड दक्षिणेला होईल अशी. मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, या घरात दक्षिणेला तोंड करून कुणी रांधत नाही. कारभारीने पाना घेतला, नळ पिळला आणि शेगडी पूर्वेला आणली. सांधा ढिला झाला तो तेव्हा. हे तो पुटपुटला आणि मुक्ताबाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

याकोबाला बोलायला जागा होती. पण तो म्हणाला, "बसवनाऱ्यानं सुतळी कमी गुंडाळली आसंल. व्हतंय तसं." आपल्या डब्यातली सुतळी आणि सांध्याला फासायचा सफेदा त्याने कारभारीच्या हातात दिला. "पूर्वेलाच ऱ्हाऊ दे तोंड. निस्ता घट आवळ."

पुन्हा रिठ्याचा फेस. पुन्हा मोजणं. दहा झाले, वीस झाले, फेस हलला नाही.

मुक्ताबाईंनी अंगणातली काडेपेटी स्वतः वाकून उचलली. त्या आत गेल्या. मग झरोक्याच्या पलीकडून आवाज आला, हलका.

"याकोब, लावू का आता?"

त्याने डोळे मिटून वास घेतला. घाई केली नाही.

"लावा, आई."

दिवा लागला. मग शेगडीची पाळी. शेजारपाजारचे धावले, कारभारी धावला, आत दाटी झाली. उंबऱ्याशी येऊन मुक्ताबाई म्हणाल्या, "आत..." आणि तिथेच अडल्या. "बस वाईच. चा हुतोय."

याकोब भिंतीशी बसला. आठ वर्षं त्याने राखलेला गॅस नळांतून कुठल्या कुठे जायचा, कुणाच्या घरी जळायचा, त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, पेटला!"

"रंग कसा हाय?"

"निळा!"

"टोक पिवळं न्हाई ना?"

"न्हाई, समदा निळा. तुमाला दिसंना का तितनं?"

"न्हाई दिसत. तू सांग, पोरी."

मनकर्णा सांगायला लागली. जाळ गोल आहे, छोट्या छोट्या पाकळ्या आहेत, आवाज बारीक येतोय, धूर नाही. याकोब भिंतीला डोकं टेकून ऐकत राहिला.